नाशकात स्वस्ताई झाली त्याची गोष्ट

डॉ. इंदुमती निरभवणे यांनी नाशकातली महागाई कमी केली, ही बातमी सगळ्यांत शेवटी खुद्द इंदूताईंनाच कळली. सकाळी त्या आपल्या ग्राहक मार्गदर्शन केंद्राचं कुलूप काढायला गेल्या, तर पायऱ्यांवर सातपूरच्या पंप कारखान्यातले कामगार गर्दी करून बसलेले. पुढे युनियनचे सेक्रेटरी कारभारी बोराडे. एरवी हा माणूस रस्त्याच्या पलीकडून ओरडून नमस्कार करायचा. आज नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसताच उठून उभा राहिला.

कारखान्याच्या फळ्यावर काल संध्याकाळी नोटीस लागली होती. डॉ. निरभवणे यांच्या निष्पक्ष पाहणीनुसार नाशकात राहणं पूर्वीपेक्षा स्वस्त झालं आहे, सबब कामगारांचा महागाई भत्ता पुढच्या महिन्यापासून कमी करण्यात येईल, असं तिच्यात लिहिलं होतं.

"ताई," कारभारी म्हणाले, "दिल्लीत महागाई वाढली. मुंबईत वाढली. मनमाडलासुद्धा वाढली. नाशकात तेवढी उतरली. आमचं म्हणणं एवढंच हाय, ते दुकान कुठं हाय ते सांगा, म्हंजे आम्ही बी तिथंच जातो."

 पाहणीखाली सही इंदूताईंची होती. कामगारांतले निम्मे त्यांच्याच कॉलनीतले, लहानपणापासून पाहिलेले. त्यांच्या घरातला भत्ता आपल्या सहीनं कापला जाणार, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी सगळ्यांना आत बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, की पुढच्या बुधवारच्या बैठकीआधी यात काय चुकलंय ते मी शोधते, आणि नाही शोधलं तर या केंद्राला मीच परत कुलूप घालते. इंदूताई असं बोलल्या की तसं करतात, हे सगळ्या नाशकाला ठाऊक होतं. कामगार चहा पिऊन गेले.

आता इंदूताई कोण, ते सांगायला हवं. अर्थशास्त्राच्या डॉक्टर. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत चांगल्या पगारावर होत्या. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराकडे हिंडून लोकांच्या चुलीवर काय शिजतं आणि त्याला किती पडतं याच्यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. मग एके दिवशी ते सगळं सोडून त्या नाशकात परत आल्या आणि दोन खोल्यांत हे केंद्र काढलं. त्यांच्या पर्समध्ये पावडर-कंगव्याऐवजी एक हुकाचा ताणकाटा असायचा. दुकानदारानं पुडी बांधली की ताई ती त्याच्यासमोरच काट्याला अडकवायच्या. भेसळीच्या तेलावरून त्यांनी एका बड्या व्यापाऱ्याला कोर्टात खेचला होता, आणि तूरडाळीतल्या खड्यांवरून खुद्द युनियनच्या सोसायटीला सुद्धा सोडलं नव्हतं. म्हणून तर दोन वर्षांपूर्वीच्या संपानंतर भत्ता कशावर ठरवायचा हा प्रश्न निघाला, तेव्हा मालक आणि कामगार पहिल्यांदाच एका नावावर एक झाले. बाई दोघांनाही सारखीच त्रासदायक होती.

दोन तासांत इंदूताईंनी सगळी बेरीज-वजाबाकी पुन्हा केली. सगळं चोख होतं. कुठे चूक सापडली असती तर त्यांना घास तरी गोड लागला असता. उलट काहीच सापडेना, तसा त्यांना जास्तच धसका बसला. भाव गोळा करून आणणाऱ्यांत काही घोळ असेल, असं त्यांच्या मनात आलं. आधीच्या पाहण्यांना कॉलेजची मुलं होती. ती मुलं बाजारात न जाता मिसळीच्या हॉटेलात बसून मनानंच भाव लिहितात, हे ताईंनी एकदा स्वतः जाऊन पकडलं होतं. तेव्हापासून त्यांनी त्या मुलांना हाकललं आणि हे काम केंद्राच्या बायकांकडे दिलं. बायकांच्या म्होरक्या मालनबाई.

मालनबाई मूळ देवळ्याकडच्या, कॉलनीत राहून आता अर्ध्या शहरी झालेल्या. त्यांचा नवरा सहादू त्याच पंप कारखान्यात. सकाळी तोही पायरीवर आला होता, पण सगळ्यांत मागे, मान खाली घालून.  बायकोचा स्वभाव त्याला माहीत होता.

इंदूताईंनी मालनबाईंना बोलावून विचारलं, की पाहणी कशी केली ते जसंच्या तसं सांगा.

"तुम्ही सांगितलं तशीच केली," मालनबाई म्हणाल्या. "भाव विचारायचा आन लिहायचा."

"दुकानदारानं सांगितला तोच लिहिलात ना?"

मालनबाईंना या प्रश्नाचं नवल वाटलं. "तो सांगतो तो काय भाव आसतो व्हय ताई? ती तर बोलायची सुरुवात. शेवटी तो देतो तो भाव. मी तुम्हाला शेवटचा भाव लिवून आनला. खोटं काम मला जमत नाय."

इंदूताईंनी कपाळाला हात लावला. पुण्यामुंबईच्या पुस्तकांतून भावाच्या पाहणीचे सगळे नियम लिहिलेले होते, पण मालनबाईंचा अंदाज एकाही पुस्तकानं घेतलेला नव्हता. तरी प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या कशावर विश्वास ठेवत नसत. तो दिवस बुधवारचाच होता, गोदावरीकाठी, म्हणजे नाशिककरांच्या गंगेवर, आठवड्याचा बाजार भरलेला. त्या डोक्यावरून पदर घेऊन मालनबाईंच्या मागे मागे गेल्या.

सायखेड्याची लंकाबाई वांगी घेऊन बसली होती. मालनबाईंना पाहताच तिनं पदर खोचला. मालनबाईंनी भाव विचारला, ऐकला आणि एक वांगं उचलून त्याच्याकडे असं बघितलं, जणू ते वांगं आजारी आहे. मग त्या पुढे गेल्या. पुढे जाऊन परत आल्या. लंकाबाईच्या सुनेची चौकशी केली, तिच्या बाळंतपणाला काय काय खायला द्यावं ते सांगितलं, लंकाबाईच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि त्याच दमात भाव निम्म्यावर आणला. वर कोथिंबिरीची जुडी उचलली. लंकाबाई शिव्या देत होती आणि हसतही होती. दोघींचा हा नेम कितीतरी वर्षांचा होता, आणि त्यात दोघींनाही कुणाची मध्यस्थी खपत नसे. असं करत करत मालनबाई अर्ध्या बाजारातून फिरल्या, तोवर ऊन चांगलंच चढलं.

इंदूताई बाजारातूनच तशाच सातपूरला मॅनेजर चौबळ साहेबांकडे गेल्या. चौबळ साहेब मुंबईहून बदलून आलेले, बोलायला गोड. मागच्या खेपेला ताईंच्या पाहणीत भाव वाढलेले निघाले होते, तेव्हा त्यांनी इतक्या शंका काढल्या होत्या, की उत्तरं देता देता ताईंच्या नाकी नऊ आले होते. या वेळी त्यांना एकही शंका नव्हती.

"मॅडम, तुमच्या कामावर आमचा पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले.

ताईंनी पाहणीत दोष राहिल्याचं स्पष्ट सांगितलं. साहेबांनी त्यांच्यासाठी लिंबू-सरबत मागवलं आणि म्हणाले, की तुमच्यासारख्या विदुषीनं इतका संकोच बाळगू नये. तरी मनाला वाटत असेल तर खुशाल पुन्हा पाहणी करा, बुधवारच्या बैठकीत नवे आकडे ठेवा, आम्ही तेही मान्य करू.

मग इंदूताई हट्टाला पेटल्या. त्यांनी सगळ्या बायकांना केंद्रात बोलावलं. या खेपेला घासाघीस करायची नाही. भाव विचारायचा, समोरचा सांगेल तो मुकाट लिहायचा, पुढे जायचं. बायकांनी शपथा घेतल्या. मालनबाईंनी मुलांच्या शपथेवर भागणार नाही म्हणून थेट सहादूच्या पगाराची शपथ घेतली, म्हणजे त्या किती कळवळून बोलत होत्या ते लक्षात येईल.

दुसऱ्या दिवशी भद्रकालीच्या बाजारात पथक उतरलं. बाकीच्या दिवशी लंकाबाई तिथे बसायची. मालनबाईंनी वांग्यांचा भाव विचारला. लंकाबाईनं नेहमीसारखा चढवून सांगितला आणि वाद घालायला सरसावून बसली. मालनबाई गप्प. ओठ घट्ट मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. त्या कागदावर लिहायला लागल्या.

लंकाबाई थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिला काळजी वाटली. "मालनबाई, बरं नाय का?"

मालनबाईंनी मान हलवली.

"माझं काय चुकलं का? रागावली व्हय? बरं, ऱ्हाऊ दे, कमी देते."

 मालनबाईंनी आधीचं खोडून नवा भाव लिहिला. ते खोडणं बघून लंकाबाईनं तागडीच खाली ठेवली. ती निम्म्याच्याही खाली उतरली आणि शेवटी म्हणाली, "घेऊन जा बाई तशीच, पन आशी बघू नको."

तिकडे मेन रोडवरच्या किराणा दुकानांत वेगळीच तऱ्हा. केंद्राच्या बायका कागद-पेन्सिल घेऊन आलेल्या आणि एक अक्षर बोलत नाहीत, म्हटल्यावर दुकानदारांचं धाबं दणाणलं. इंदूताईंची धाड पडली, असाच सगळ्यांनी अर्थ लावला. एकानं पाटीवरचे भाव पुसून नवे लिहिले, दुसऱ्यानं साखरेच्या पोत्याजवळची वजनं बदलली, आणि कोपऱ्यावरचा तेलवाला तर दुकान ओढून घेऊन लग्नाला गेला. ज्यांची दुकानं उघडी राहिली त्यांनी असे भाव सांगितले, की बायकांना लिहिताना स्वतःचीच शंका यायला लागली.

सांगायला नकोच. नवी पाहणी झाली तेव्हा नाशिक आणखी स्वस्त झालेलं होतं.

आता राहिला एकच उपाय. इंदूताई स्वतः पिशवी घेऊन निघाल्या. पण पहिल्याच दुकानात दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला. ताईंनी गुळाचा भाव विचारला, तर त्यानं खरेदीचा भाव सांगितला आणि वर स्वतःहूनच मापात थोडा जास्त टाकला. दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्यात तर त्यानं ताईंनी पर्स उघडायच्या आधीच ताणकाट्यासाठी हात पुढे केला. परतताना इंदूताई रविवार कारंजावर एका कट्ट्यावर बसल्या. इतकी वर्षं भावांवर व्याख्यानं दिली, लोकांना फसवणाऱ्यांशी भांडलो, आणि या गावात साध्या माणसाला गूळ कितीला पडतो हे आपल्यालाच माहीत नाही. कितीतरी वर्षांत आपल्याला खरा भाव कुणी सांगितलाच नाही. त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं होतं. पण रडून भत्ता वाचणार नव्हता. बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांपुढे मालनबाईंची ती चढत्या उन्हातली फेरी आली, आणि त्या ताडकन उठल्या.

बुधवारी कारखान्यात बैठक भरली. एका बाजूला चौबळ साहेब आणि त्यांचे हिशेबनीस, दुसऱ्या बाजूला कारभारी आणि युनियनची मंडळी. इंदूताईंनी नवे आकडे पुढे ठेवले. कारभारींनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे आकडे खरे आहेत," इंदूताई म्हणाल्या. "या भावाला माल मिळतो. मी माझा शब्द मागे घेत नाही."

कारभारी खुर्चीतल्या खुर्चीत वळवळले. आता बाई आपल्याला पुरतंच बुडवणार, असं त्यांना वाटलं.

"फक्त एकच विनंती आहे. आज बाजार आहे. साहेबांनी स्वतः चलावं आणि या भावानं एका घराचा आठवड्याचा बाजार या यादीप्रमाणे करून दाखवावा. जमला तर भत्ता कापा. मी स्वतः युनियनला समजावीन."

चौबळ साहेब हसले. बाजार करणं यात काय मोठंसं, असं त्यांना वाटलं असावं. मुंबईला त्यांच्या घरचा बाजार कोण करत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

साहेबांची गाडी गंगेवर उतरली तेव्हा सगळा बाजार उभा राहून बघायला लागला. सफारी सूट, काळा चष्मा, हातात दोन नव्या कोऱ्या पिशव्या. इंदूताई, कारभारी आणि बाकीची मंडळी लांब पारावर थांबली. कुणी मदत करायची नाही, असं ठरलं होतं. साहेब सरळ लंकाबाईकडे गेले. लंकाबाईनं आधी गाडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि मग वांग्यांचा असा भाव सांगितला, की शेजारच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

साहेबांनी चार आणे कमी करायला सांगितले. ते आयुष्यात पहिल्यांदाच घासाघीस करत होते, त्यामुळे ते जरा जास्तच अदबीनं बोलले.

"साहेब," लंकाबाई म्हणाली, "तुमच्या गाडीच्या तेलाला रोज किती पडतं? तिथं म्हनता का चार आने कमी कर?"

साहेबांनी पैसे दिले. त्यानंतर त्यांना बाजारानं हातोहात पुढे पाठवलं. एका म्हातारीनं त्यांच्या पिशवीत भोपळा घातला आणि हा औषधी असतो म्हणून सांगितलं. कांदे लासलगावचे म्हणून दुप्पट भावानं दिले, जणू बाकी सगळ्यांचे कांदे विलायतेहून आले होते. साहेब परत आले तेव्हा त्यांचा चष्मा घामानं नाकावर घसरला होता, आणि वांग्यांतली निम्मी किडकी निघाली.

मग ताईंनी मालनबाईंना सोडलं. यादी तीच, बाजार तोच. मालनबाईंच्या छातीत कोंडलेली आठवडाभराची घासाघीस अशी काही बाहेर पडली, की लंकाबाईचा जीव भांड्यात पडला. मैत्रीण बरी झाली म्हणून तिनं पहिला आवाज चढवला, आणि दोघी जुंपल्या. चौबळ साहेब आधी उभे होते, मग पारावर बसले, मग त्यांनी बूट काढले. सावली सरकत गेली. मालनबाई सगळी यादी पुरी करून आल्या तेव्हा साहेबांची जेवणाची वेळ टळून गेली होती. भाव मात्र पाहणीतल्याप्रमाणे, एक पैसा इकडेतिकडे नाही.

"बघितलंत ना," इंदूताई म्हणाल्या. "ही स्वस्ताई बाजारात नाही साहेब. ही मालनबाईंनी इतका वेळ उन्हात उभं राहून तयार केली. तुमच्याकडे पंप तयार होतो, तशीच. पंपाच्या कामाची मजुरी तुम्ही देता. या कामाची मजुरी कोण देतं? माझ्या पाहणीत तेवढाच खर्च धरायचा राहिला होता. तो धरा, आणि मग सांगा नाशिक स्वस्त झालं का."

 मालनबाईंना हे सगळं नवीनच होतं. आपण इतकी वर्षं काम करत होतो, हे त्यांना आज पहिल्यांदा कुणी सांगत होतं, तेही इतक्या माणसांत. त्या पिशवी खाली ठेवून उगाचच पदर सारखा करत राहिल्या.

चौबळ साहेब काही मूर्ख नव्हते. त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं, बूट घातले आणि कारभारींना म्हणाले, की भत्ता आहे तसाच राहील, नोटीस आज निघेल. गाडीत बसता बसता त्यांनी ताईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की या बाई कारखान्याच्या कँटीनसाठी भाजी खरेदी करायला येतील का, पगार देऊ. इंदूताईंनी तो पगार किती असावा हे सांगितलं. साहेबांनी चार आणे कमी करायला बघितलं, पण समोर मालनबाई उभ्या होत्या.

अशा रीतीनं मालनबाई पगारदार झाल्या, आणि इंदूताईंचं केंद्र उघडं राहिलं. पाहणी आता नीट कशी करायची, या विचारात ताई काही महिने होत्या. भाव विचारून मुकाट पैसे देणारं साधं गिऱ्हाईक त्यांना हवं होतं, आणि ते काही कुठे मिळेना. एका सकाळी सहादू पिशवी घेऊन केंद्राच्या दारात उभा राहिला.

"ताई, महागाई लय वाढली. तेवढं पाहनीत घ्या."

मालनबाई पहाटेच कँटीनच्या खरेदीला जायच्या, त्यामुळे घरचा बाजार आता सहादूकडे आला होता. इंदूताईंनी पिशवीत डोकावलं. वांगी होती, निम्मी किडकी. खाली भोपळा होता. वांग्यांना काय पडलं, असं त्यांनी विचारलं. सहादूनं सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? दिलं."

इंदूताईंनी उठून त्याच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. इतके महिने शोधत होत्या ते गिऱ्हाईक दारात आलं होतं, आणि ते त्यांच्याच कॉलनीत राहत होतं. त्यांनी पेन्सिल घेतली, त्याला सगळे भाव सावकाश सांगायला लावले. मग त्यांना एकदम काळजी वाटली.

"सहादू, हे मालनबाईंना माहीत आहे?"

"छ्या. तिला मी निम्माच भाव सांगतो. खरा सांगितला तर घरात राहू देईल का?" सहादू म्हणाला. मग खुर्चीच्या कडेला सरकून बसला. "पन ताई, त्यानं एक घोळ झाला. काल वांगी त्या भावात आनली म्हनून सांगितलं, तर ती म्हनाली, तुमच्यासारख्याला लंका या भावात देती, तर मला याच्याही खाली कशी देत नाय तेच बघते."

"मग?"

"मग काय ताई. आज कँटीनला त्याच्याही निम्म्यानं घेऊन आली."